एच११० बोर्ड, आय३-६१००, ४ जीबी रॅम: १८ हजारांत काय बदलायचं, काय ठेवायचं?

पत्रिका_छपाई

नमस्कार मंडळी. सांगलीत छोटं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं, अधूनमधून फ्लेक्सची डिझाइनं. मशीन असं आहे:

प्रोसेसर: इंटेल आय३-६१००
बोर्ड (मदरबोर्ड): एच११० चिपसेट (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप), मायक्रो एटीएक्स
रॅम: ४ जीबीची एकच स्टिक
डिस्क: ५०० जीबी हार्ड डिस्क, ७२०० आरपीएम
एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा): कॅबिनेटसोबत आलेला, वर ४५० वॉट लिहिलंय
विंडोज १०, मॉनिटर १९ इंची, फक्त व्हीजीए

कोरेलड्रॉ आणि फोटोशॉप एकत्र उघडले की मशीन बसतं. फाइल सेव्ह करताना मिनिट-मिनिट गोल फिरत राहतं. दुकानदार म्हणतो, ४ जीबीचं जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड टाका, सगळं पळेल. दुसरा म्हणतो, याच बोर्डावर नववी जनरेशन आय५ बसेल, सॉकेट तेच आहे. विंडोज ११ चंही डोक्यात आहे. बजेट १८,००० रुपये, ओढूनताणून २०,०००. नेमकं काय घेऊ?

तांब्याची_तार

आधी दुकानदारांच्या दोन्ही सल्ल्यांचं बघू, कारण दोन्हींत पैसे पाण्यात जातील.

नववी जनरेशन या बोर्डावर चालणार नाही. सॉकेटचं नाव एलजीए ११५१ दोन्हीकडे आहे, चिप खाचेत बसतेसुद्धा, पण आठव्या आणि नवव्या जनरेशनला ३०० सीरिजचे चिपसेट लागतात: एच३१०, बी३६०, बी३६५, झेड३७०, झेड३९०. पिनांना दिलेलं काम बदललंय आणि एच११० च्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) त्या चिपांची ओळखच नाही. पंखा फिरेल, पडदा काळा राहील. तुमच्या बोर्डाची हद्द सहावी आणि सातवी जनरेशन.

जीटी ७३० हे २०१४ सालचं कार्ड. 'चार जीबी' हा आकडा मेमरीचा आहे, ताकदीचा नाही, आणि बाजारात या नावाने मिळणाऱ्या बऱ्याच कार्डांवर धीमी डीडीआर३ मेमरी असते. आय३-६१०० च्या पोटात एचडी ५३० ग्राफिक्स आहे, पत्रिकेच्या कामाला ते पुरून उरतं. शिवाय फाइल सेव्ह होताना ग्राफिक्स कार्ड रिकामंच बसलेलं असतं, तेव्हा ते घालून सेव्हचा वेळ कमी कसा होणार?

आता मशीन नेमकं कुठे अडतंय ते मोजा. रोज जेवढ्या फाइली उघडता तेवढ्या उघडा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्सवर जा. तीन आकडे लिहून घ्या. एक, डिस्क किती टक्के. दोन, मेमरीच्या पानावर 'कमिटेड' (प्रोग्रॅमांनी मागून घेतलेली मेमरी) पुढे दिसणारी जोडी. तीन, सीपीयू किती टक्के. कमिटेडचा पहिला आकडा ४ जीबीच्या वर असेल तर उरलेला माल विंडोज हार्ड डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ढकलतंय. म्हणजे रॅमची टंचाई डिस्कच्या गळ्यात पडते, आणि फिरत्या डिस्कवर तेच सगळ्यात महाग पडतं.

खरेदीपूर्वी बोर्डाचं पूर्ण नाव वाचा. बोर्डावर रॅमच्या खाचा आणि पीसीआय स्लॉट यांच्या मधे ठळक छापलेलं असतं. कॅबिनेट उघडायचं नसेल तर रनमध्ये एमएसइन्फो३२ टाइप करा, बेसबोर्ड प्रॉडक्ट या ओळीत सापडेल. हे करायला सांगतोय कारण एच११० चे काही बोर्ड डीडीआर३ घेतात आणि काही डीडीआर४. डीडीआर३ ला २४० पिना, डीडीआर४ ला २८८, मधली खाचही वेगळ्या जागी, त्यामुळे चुकीची स्टिक जाणारच नाही. फक्त दुकानात दुसरी फेरी होईल. सीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर उतरवा, त्याच्या मेमरी पानावर प्रकार आणि एसपीडी पानावर कुठल्या खाचेत काय आहे ते दिसतं.

माझा कल: एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क), रॅम, आणि एसएमपीएस. प्रोसेसरला आत्ता हात लावू नका.

बायोस_बाबा

वरचं सगळं मान्य, शेवटचं वाक्य सोडून. निदान पर्याय तरी समोर ठेवू या.

याच बोर्डावर चढायचं असेल तर आय७-६७०० हा सरळ रस्ता. ४ कोर, ८ थ्रेड, ६५ वॉट. तुमचा आय३ २ कोर ४ थ्रेडचा, ५१ वॉटचा. आता तो फक्त जुना मिळणार: मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली, नाहीतर ऑनलाइन. शेवटी 'के' असलेला ६७००के घेऊ नका. तो ९१ वॉटचा, एच११० वर ओव्हरक्लॉक (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) होत नाही, आणि या बोर्डांवर प्रोसेसरला वीज देणारा भाग बहुधा उघडाच असतो, वर हीटसिंक नसतो.

सातव्या जनरेशनचा आय५-७५०० किंवा आय७-७७०० स्वस्तात दिसला तर आधी बायोस. सुरुवातीच्या एच११० बोर्डांवरचा बायोस सातवी ओळखत नाही. अपडेट जुना आय३ आत असतानाच करायचा. प्रोसेसर बदलून मग अपडेट करू म्हणाल तर पडदाच येणार नाही. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, कंपनीच्या साइटवरून अचूक मॉडेलची आणि अचूक रिव्हिजनची फाइल घ्या (रिव्हिजन बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेली असते), बायोसमधल्याच फ्लॅश टूलने चढवा. विंडोजमधून नको. आणि यूपीएसवर असतानाच. अर्ध्यात लाइट गेली तर बोर्ड बायोसची चिप नव्याने लिहून देणाऱ्याकडे न्यावा लागतो.

जुना प्रोसेसर घेताना: या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, चिपवर नुसते सोनेरी ठिपके. त्यामुळे चिप सहसा सुखरूप असते, धोका तुमच्या बोर्डाला. चिप तिरकी सोडली, हातातून निसटली, की पिना वाकतात. एखादी पिन वाकली तरी मशीन चालू होतं, पण रॅमची एक खाच मेल्यासारखी वागते आणि माणूस रॅमच बदलत बसतो.

आता विंडोज ११. अधिकृत यादी इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून सुरू होते. म्हणजे ६७०० घेतला काय आणि ७७०० घेतला काय, यादीबाहेरच. टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) हा मुद्दा लोक उगाच धरून बसतात. सहाव्या जनरेशनच्या बऱ्याच बोर्डांवर बायोसमध्ये पीटीटी (इंटेलची तीच सोय, वेगळ्या चिपेविना) चालू केलं की टीपीएम २.० मिळतं. अडतं ते प्रोसेसरवर. आडवाटेने ११ बसतं, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती पुन्हा हाताने चढवावी लागते.

म्हणून ११ हवंच असेल तर बोर्ड, प्रोसेसर आणि बहुधा रॅमही अशी तिन्ही एकत्र बदलावी लागतील. त्यात दोन जोड्या सांगतो. पहिली: आय३-१२१०० आणि एच६१० बोर्ड. प्रोसेसरच्या नावात शेवटी 'एफ' नको, १२१००एफ मध्ये ग्राफिक्स नसतं आणि मग कार्डाचा खर्च मागे लागतो. एच६१० बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही जातींत मिळतो. तुमची जुनी स्टिक वापरायची असेल तर डीडीआर४ वालाच. जुना पंखा यावर बसणार नाही, कारण भोकांमधलं अंतर ७५ मिमीवरून ७८ झालंय. डबाबंद १२१०० सोबत पंखा येतो, ट्रे पॅकसोबत (खोक्याविना सुटी चिप) येत नाही, तेवढं विचारून घ्या. दुसरी जोडी: रायझन ५ ५६००जी आणि ए५२० बोर्ड. 'जी' महत्त्वाचा, नुसत्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही. बी४५० बोर्डांचा जुना शिल्लक माल कुणी स्वस्तात देत असेल तर बायोस अपडेट करून देणार का, हे आधी विचारा.

एच६१० चे बरेच बोर्ड मागे व्हीजीए देतात, त्यामुळे तुमचा मॉनिटर चालेल. पण खोक्यावरचं चित्र नीट बघा. नसेल तर एचडीएमआय ते व्हीजीए अ‍ॅडाप्टर लागतो, आत चिप असलेला. नुसती वायर चालत नाही.

१८ हजारांत हे तीन नग अधिक एसएसडी अधिक एसएमपीएस बसवणं मात्र आज अवघड आहे. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की जुनी बजेट-गणितं उपयोगाची नाहीत.

बारा_व्होल्ट

सगळे प्रोसेसरवर बोलतायत. एसएमपीएसच्या लेबलचा फोटो काढा आणि +१२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिलंय ते सांगा. ४५० हा आकडा विसरा.

प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, पंखे, हार्ड डिस्कची मोटर, सगळं १२ व्होल्टवर चालतं. तेव्हा खरी ताकद म्हणजे बारा गुणिले अँपिअर. चांगल्या ४५० वॉटच्या युनिटवर १२ व्होल्टखाली ३४ ते ३७ अँपिअर असतात, म्हणजे चारशेच्या वर वॉट. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या डब्यांवर बारा-चौदा अँपिअर लिहिलेले असतात आणि बाकीचे वॉट ५ व्होल्ट, ३.३ व्होल्टच्या बेरजेतून दाखवलेले असतात. आजच्या मशीनला त्या बेरजेचा उपयोग शून्य.

असे युनिट मरताना एकटे मरत नाहीत, हा खरा त्रास. आतले कपॅसिटर फुगले की रिपल (व्होल्टेजमधला चढउतार) वाढतो, मशीन मधेच रीस्टार्ट होतं, डिस्कवर लिहिताना वीज डगमगते. लोक विंडोज पुन्हा टाकतात, रॅम बदलतात.

नवीन घेताना ४५० वॉट, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र), नाव असलेल्या कंपनीचं, तीन ते पाच वर्षं वॉरंटी. वायर मोजा: बोर्डाला २४ पिन, प्रोसेसरला ४+४ पिन (तुमच्या बोर्डाला ४ लागतील, उद्या नवीन बोर्ड आला तर ८), साटाची (डिस्कला वीज देणारी) निदान तीन टोकं. मोलेक्सपासून (जुना चार पिनी जोड) साटा करणारे साच्यात ओतलेले स्वस्त कन्व्हर्टर वापरू नका, आतल्या तारा चिकटतात आणि वितळतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. नवीन युनिटमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (लाइनमधून वीज एकसारखी ओढणारं सर्किट) असतं. ६०० व्हीएचा जुना यूपीएस, तोही चौकोनी लाटेचा आणि बॅटरी थकलेली, लाइट जाताच अशा एसएमपीएसला कधीकधी सांभाळू शकत नाही आणि मशीन बंद पडतं. दोष एसएमपीएसचा नसतो. आधी १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी बदलून बघा, आणि मॉनिटर सोडून प्रिंटर वगैरे त्या यूपीएसवरून काढा. लेझर प्रिंटर तर चुकूनही नको.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बोर्डावर एक पैसा घालण्याआधी अर्थिंग करून घ्या.

पत्रिका_छपाई

सगळ्यांचे आभार. आकडे आणलेत.

कोरेलमध्ये तीन फाइली आणि फोटोशॉप उघडं असताना: डिस्क १००%, सीपीयू ३० ते ४०%, कमिटेड ७.८/९.१ जीबी. बोर्ड डीडीआर४, रॅमच्या दोन खाचा, एक रिकामी. एम.२ ची खाच (पट्टीसारखी एसएसडी थेट बोर्डावर बसते ती) नाही. एसएमपीएसवर +१२ व्होल्ट: १४ अँपिअर. झिणझिण्या येत नाहीत.

क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत सांगणारं सॉफ्टवेअर) टाकून बघितलं, पिवळं 'कॉशन' दाखवतंय. सी५ च्या ओळीत शेवटी ८ आहे.

एक सांगायचं राहिलं. आमचं मराठी फॉन्टचं जुनं पॅकेज हार्डवेअर लॉकवर (मशीनला लावलेलं असेल तरच पॅकेज चालू देणारा तुकडा) चालतं. मागे जांभळ्या २५ पिनी पोर्टात लावलेलं असतं. जुन्या पत्रिकांच्या सगळ्या फाइली त्याच फॉन्टमध्ये आहेत.

तांब्याची_तार

शेवटच्या परिच्छेदाने प्रश्न सोडवला. बोर्ड ठेवायचा.

२५ पिनी लॉक म्हणजे पॅरलल पोर्टचं डोंगल. एच६१० किंवा ए५२० च्या बोर्डांवर तो पोर्ट मागे दिसणं दुर्मीळ. यूएसबी ते पॅरलल मिळणारी केबल प्रिंटरपुरती असते, डोंगलला ती चालत नाही. पीसीआय एक्सप्रेस स्लॉटात बसणारं पॅरलल कार्ड मिळतं, पण जुन्या लॉकचे ड्रायव्हर बहुधा ३७८ या ठरलेल्या पत्त्यावरच लॉक शोधतात आणि कार्डाला पत्ता भलताच मिळतो. चालेलही, पण त्या 'चालेल'वर धंदा टांगू नका. फॉन्ट कंपनीकडून यूएसबी लॉकवर किंवा युनिकोड आवृत्तीवर बदलून मिळतं का ते विचारा. ते झाल्यावरच नव्या प्लॅटफॉर्मचा विचार.

तुमचे आकडे स्वच्छ बोलतायत. सीपीयू निवांत, रॅम दुप्पट गहाण, डिस्क गुदमरलेली. आय७ घातला असता तर तोही तसाच वाट बघत बसला असता.

तेव्हा यादी: ८ जीबी डीडीआर४ ची एक स्टिक, डेस्कटॉपची लांब वाली. जुन्या ४ सोबत १२ होतील. कमिटेड ७.८ आहे, त्याला १२ पुरे. असमान स्टिका चालतात का, तर हो: पहिले ४+४ दुहेरी चॅनेलवर धावतात, उरलेले ४ एकेरीवर, फरक तुम्हाला जाणवणार नाही. नवी स्टिक २६६६ किंवा ३२०० ची मिळाली तरी आय३-६१०० ती २१३३ वरच चालवेल, त्यामुळे वेगासाठी जादा पैसे देऊ नका. चालली नाही तर बदलून देण्याच्या बोलीवर घ्या. बसवण्याआधी जुन्या स्टिकच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या घासून घ्या, मग मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) ची एक पूर्ण फेरी रात्रभर लावा. एक जरी लाल ओळ आली तरी स्टिक परत.

एसएसडी: २.५ इंची साटा, ५०० जीबी. एम.२ नाही म्हणून हळहळू नका. छोट्या एक्स१ स्लॉटात अ‍ॅडाप्टर लावून एनव्हीएमई बसवता येते, पण तिथे पीसीआयई २.० ची एकच लेन आहे, सेकंदाला ५०० एमबीच्या आतच. तेवढं साटा देतंच. साटाची केबल नवी घ्या, ६ जीबीपीएसच्या पोर्टात लावा.

एसएमपीएस: १४ गुणिले १२ म्हणजे १६८ वॉट, तेही कागदावर. बदला.

पैसे उरले तर उरू द्या.

बायोस_बाबा

डोंगल असेल तर मी माघार घेतो. फक्त एक तपासा: सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट, तिथे सिस्टीम टाइप ३२ बिट आहे की ६४? जुन्या डोंगलसाठी बऱ्याच दुकानांत मुद्दाम ३२ बिट विंडोज ठेवलेलं असतं. तसं असेल तर ८ जीबीची स्टिक घालूनही विंडोज ४ च्या वर वापरणार नाही, आणि लॉकचा ६४ बिट ड्रायव्हर आहे का ते आधी शोधावं लागेल.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, घरगुती आवृत्त्यांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत. पुढे हे मशीन फक्त डिझाइनला ठेवा, ईमेल, बँक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून येणारे फोटो दुसऱ्या मशीनवर उतरवा.

बोर्ड तोच राहतोय याचा एक फायदा: विंडोजचं डिजिटल लायसन्स बोर्डाशी बांधलेलं असतं. एसएसडीवर तीच आवृत्ती नव्याने टाकली आणि इंटरनेट जोडलं की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होईल.

पत्रिका_छपाई

६४ बिट आहे, लॉकही त्यावरच चालतंय. मग जुनी डिस्क सरळ एसएसडीवर क्लोन करू का?

बारा_व्होल्ट

नाही. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकाल न लागलेले सेक्टर. तुमच्याकडे असे ८ आहेत. क्लोन करणारं सॉफ्टवेअर तिथे अडतं, किंवा खराब तुकडा तसाच पुढे नेतं आणि मग नव्या एसएसडीवर विंडोज विचित्र वागतं.

हा क्रम धरा. आजच, काही विकत घेण्याआधी, बाहेरच्या डिस्कवर कॉपी: आधी चालू कामं, मग जुन्या पत्रिका, मग फॉन्टचं फोल्डर आणि डोंगलचा ड्रायव्हर इन्स्टॉलर. पूर्ण ड्राइव्ह एकदम ओढू नका, फोल्डर-फोल्डर करा. एखादं फोल्डर अडलं तर ते सोडून पुढे जा, शेवटी परत या. 'चेकडिस्क स्लॅश आर' (विंडोजची डिस्क तपासणी-दुरुस्ती) कॉपी पूर्ण होईपर्यंत चालवू नका. मरणाऱ्या डिस्कला तासन्‌तास घासलं की उरलेलंही जातं.

मग एसएमपीएस, मग रॅम, मेमटेस्ट, आणि सगळ्यात शेवटी जुनी डिस्क काढून ठेवून एसएसडी एकटी लावून विंडोज. दोन डिस्क लावलेल्या असताना इन्स्टॉल केलं तर विंडोज बूटचा भाग जुन्या डिस्कवर टाकू शकतं, आणि ती काढली की मशीन उठत नाही. कोऱ्या एसएसडीवर, पेन ड्राइव्ह यूईएफआय (नव्या पद्धतीच्या बायोसच्या) मोडमध्ये बूट करून, डिस्कची विभागणी जीपीटी पद्धतीने. जुनी डिस्क नंतरही बॅकअप म्हणून वापरू नका.

तांब्याची_तार

अजून एक, डोंगलसाठी. कॅबिनेट उघडलंच आहे तर बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरीही बदलाल; इतक्या वर्षांत ती संपत आलेलीच असणार. पण बॅटरी काढली की बायोसच्या सगळ्या सेटिंग मूळपदावर जातात. काढण्याआधी बायोसमध्ये पॅरलल पोर्टच्या पानाचा मोबाइलवर फोटो घ्या: पत्ता ३७८ आहे का, आयआरक्यू किती, मोड एसपीपी, ईपीपी की ईसीपी. साटाचा मोड एएचसीआय आहे ना तेही बघा. बॅटरी बदलल्यावर फॉन्ट पॅकेजने 'लॉक सापडत नाही' म्हटलं तर डोंगलला शिव्या देण्याआधी हा फोटो बघून मोड तसाच करा. आणि डोंगल लावताना-काढताना मशीन पूर्ण बंद, मागचं बटणही बंद. पॅरलल पोर्ट यूएसबीसारखा चालू असताना ओढायचा नसतो.